धाप लागलेला दिवा

आमच्या आईच्या खोलीतला दिवा हळूहळू उगवतो. दाराशेजारच्या बोर्डावर एक गोल बटन आहे. ते टक् आवाज होईपर्यंत फिरवायचं आणि मग बोटानं पुढे पुढे न्यायचं. आधी भिंतीचा पिवळा रंग जागा होतो, मग कपाटाचा आरसा, मग पलंगावरची चादर आणि सगळ्यात शेवटी खोलीत बसलेलं माणूस. बाजारात त्या बटनाला डिमर म्हणतात. आमच्या घरात ते पहिल्यापासून ‘गोल बटन’च आहे.

ते घरात आलं तेच मुळी भांडण मिटवायला. वडिलांना अंथरुणावर पडून पेपर वाचायची सवय होती आणि आईला डोळ्यावर उजेड आला की झोप यायची नाही. दोघंही नांदेडकडच्या शेतकरी घरातली, माघार घेणं कुणाच्याच रक्तात नाही. शेवटी वडिलांनी हे बटन बसवून घेतलं. त्यांना अक्षर दिसेल आणि तिचा डोळा लागेल अशा कुठल्याशा जागी दोघांचा तह झाला आणि वडील होते तोवर तो टिकला. पुढे आई एकटी राहिली. वयानं तिला उजेड टोचायला लागला तशी ती बटन त्या तहाच्या जागेपेक्षाही खाली, अगदी तळाला ठेवू लागली.

मला ती खोली फार आवडते. माझं सासर नामपल्लीला. शाळेत विज्ञान शिकवण्याची नोकरी संपली तेव्हापासून जमेल त्या दुपारी मी अंबरपेठेत आईकडे येते, तिच्या शेजारी पलंगावर आडवी होते आणि काहीही करत नाही. पडदा ओढलेला असतो. खाली गल्लीत कुणी पेरू विकत असतं, कुणी तेलुगूत रिक्षावाल्याशी वाद घालत असतं, लांबून काचीगुड्याकडच्या गाडीचा भोंगा येतो. आई गावाकडचं काहीतरी सांगत असते, कोणत्या विहिरीचं पाणी गोड होतं, कोणत्या जावेनं कुणाला काय टोमणा मारला. ते ऐकता ऐकता डोळा लागतो आणि झोपेतही तिचा आवाज चालूच राहतो. साठीकडे झुकलेल्या बाईला दुसरं काय पाहिजे? माहेर म्हणजे मला एवढंच ठाऊक आहे, एक पलंग आणि त्यावर आपल्याला कुणी काही न विचारणं.

अशाच एका दुपारी आई म्हणाली, “माय, दिवा धापा टाकूलालाय.”

मी अर्धवट झोपेत होते. मला वाटलं, गोष्टीतलाच दिवा असेल. मी हुंकार दिला आणि कुशीवर वळले. जागी झाल्यावर तिनं पुन्हा सांगितलं. संध्याकाळी ती एकटी बसली की दिवा श्वास घेतल्यासारखा मोठा होतो, बारीक होतो, आणि त्याच्याबरोबर समोरची भिंत जवळ येते, लांब जाते. मी उठून दिवा पाहिला. चांगला लख्ख लागलेला होता. जुना पिवळा बल्ब उन्हाळ्यात गेला होता आणि तसला दुकानात मिळेना, म्हणून दादानं हा नवा एलईडी आणून लावला होता. मी म्हटलं, आई, हा तर ठणठणीत आहे.

“तेच की,” आई म्हणाली. “कुणी आलं की शहाण्यासारखा वागतो.”

हे वाक्य तिनं माझ्यापाशी बोलून थांबायला हवं होतं. पण रविवारी दादा आला तेव्हा त्यालाही तिनं हेच सांगितलं. दादा माझा मोठा भाऊ, सिकंदराबादला राहतो, सारा जन्म रेल्वेत काढलेला. माणूस सोन्यासारखा, पण काळजीला त्याच्या घरी कायमचा पाट मांडलेला असतो. भिंत पुढे-मागे होते, दिवा श्वास घेतो, माणसं आली की गप्प बसतो, हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी वडिलांची सुरुवात अशीच झाली होती म्हणे. आधी पंखा बोलतो म्हणायचे, मग मुलाला ओळखेनासे झाले.

त्यानं स्वतः उठून दिवा पाहिला, बटन मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. काही नव्हतं. मग तो आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डोळे वयाच्या मानानं उत्तम निघाले. त्यामुळे दादा अजूनच घाबरला, कारण आता डोळ्यांवर ढकलता येईना. त्यानं मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि मला फोनवर सांगितलं की, तपासण्या झाल्या की आईला सिकंदराबादलाच ठेवून घेणार. वहिनीशी बोलणं झालंय, खोली रिकामी केलीय. अंबरपेठेचं घर बंद करू, म्हणाला. अशा अवस्थेत तिला एकटीला ठेवणं बरं नव्हे.

‘अशा अवस्थेत’ हे शब्द मला काट्यासारखे लागले. मी फोनवर खूप बोलले. माझ्या तोंडाला तसाही लगाम नाही. पण फोन ठेवल्यावर मला जी भीती वाटली ती दादाच्या भीतीपेक्षा वेगळी नव्हती. आई खरंच हातातून सुटत चालली असेल तर? आणि तिच्याबरोबर ते घर, तो पलंग, त्या दुपारी? दोन्ही भीती एकत्र होत्या, आणि त्यातली कोणती मोठी हे मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

आईला आपल्याविषयी काय ठरतंय ते बरोबर कळलं होतं. तिनं दिव्याचं नाव काढणं सोडलं. ताकास तूर लागू देईना. मी विचारलं, आई, दिवा कसा आहे, तर म्हणे, बरा हाय. दुपारी गोष्टी सांगायचीही ती थांबली. पलंगावर आम्ही दोघी छताकडे बघत पडायचो आणि ती आठवून आठवून एकेक वाक्य बोलायची, तपासून घेतल्यासारखं. आपण काही वेडंवाकडं तर बोलत नाही ना, याची तिला भीती होती. जन्मभर फाडफाड बोलणारी माझी आई शब्द चाचपते आहे, हे मला बघवेना.

मी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. भला माणूस होता. तो खोलीत आला तसं आईनं बटन फिरवलं, त्याला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. त्यानं होल्डर पाहिला, बल्ब काढून परत बसवला, बोर्ड उघडून स्क्रू आवळले, दिवा चालू-बंद करून पाहिला.

“कुछ बी नै है अम्मा,” तो आईला म्हणाला. “लाइट एकदम बराबर है.”

तो बरोबर आहे म्हणाला आणि आईनं मान खाली घातली. दिवा बरोबर म्हणजे मी चूक, असा हिशेब तिनं तिथल्या तिथे मनात करून टाकला. त्या दिवशी तिनं मला पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, “सिकंदराबादला खिडकी कुण्या बाजूला हाय गं त्या खोलीला?”

डॉक्टरची वेळ जवळ आली होती. त्या दिवशी मला दुपारी निघायला जमलं नाही. बस चादरघाटाच्या अलीकडे अडकून पडली आणि मी अंबरपेठेत पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आकाश गुलाबी पेरूच्या आतल्या रंगाचं झालं होतं. पलीकडच्या मशिदीत अजान चालू होती. जिना चढून वर आले तर दार सताड उघडं. दिवेलागणीला आई दार लावत नाही, लक्ष्मी यायची वेळ असते. एरवी मी बेल वाजवते, ती येऊन कडी काढते. आज मी तशीच आत गेले. अजानच्या आवाजात तिला माझी पावलं ऐकू आली नाहीत.

ती बोर्डाजवळच्या खुर्चीवर पाठमोरी बसली होती, हात मांडीत. खोली श्वास घेत होती.

दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. उजेड सावकाश भरून यायचा आणि सावकाश ओसरायचा. भिंत खरोखर जवळ येत होती. कपाटाचा आरसा उजळायचा आणि बुडायचा, आईचे पांढरे केस दिसायचे आणि अंधूक व्हायचे. मी उंबऱ्यात उभी होते आणि मला घाबरायचं सुचलं नाही. लहानपणी ताप आला की खोली अशीच लांब-जवळ व्हायची आणि मध्येच कपाळावर कुणाचा तरी थंड हात यायचा. मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. इतकं सुंदर आणि इतकं एकटं काही मी पाहिलं नव्हतं. आणि आई रोज संध्याकाळी यात बसत होती, कुणाला सांगायची सोय नसताना.

“आई,” मी म्हटलं.

ती वळली, मला बघून तिचा चेहरा फुलला, आणि उठता उठता तिचा हात भिंतीवरच्या बटनाकडे गेला. बटन फिरलं. दिवा पूर्ण लागला आणि अगदी शहाण्यासारखा स्थिर उभा राहिला.

मी तिच्या हाताकडे बघत राहिले. आमच्या गावाकडे रीत होती. उंबऱ्यावर कुणी आलं की आधी कंदिलाची वात वर करायची, मग ‘या’ म्हणायचं. आलेल्याचं तोंड आपल्याला दिसलं पाहिजे आणि आपलं त्याला. वात बारीक ठेवून कुणाशी बोलणं म्हणजे ‘आता उठा’ असं सांगण्यासारखंच. कंदील गेला, गाव गेलं, आईच्या हातात रीत राहिली. दादा आला, दिवा मोठा. मी आले, दिवा मोठा. इलेक्ट्रिशियन आला, त्यालाही मोठा. दादानं बटन लहान केलं होतं खरं, पण तळाशी नेऊन थोडा वेळ थांबायला आईनं त्याला कुठे दिलं असेल? पोटचा पोरगा अंधारात बसलाय हे तिला सहन झालं नसतं. दोष फक्त तळाला होता, आणि तळाला फक्त ती एकटी होती. आपण बटन फिरवतो हे तिच्या स्वतःच्याही ध्यानात नव्हतं, इतकं ते अंगवळणी पडलेलं. आणि आम्ही दोन शिकलेली मुलं तिच्या डोक्याचे डॉक्टर शोधत होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि काही न सांगता बटन अगदी तळाला नेलं. तिचा हात पुन्हा उचलला गेला तो मी धरून ठेवला. आम्ही दोघी वाट बघत बसलो. थोड्या वेळानं खोलीनं श्वास घेतला.

“दिसलं तुला?” तिनं विचारलं.

“दिसलं.”

“भिंत?”

“भिंत पण.”

तिचा हात माझ्या हातात होता, त्याची पकड घट्ट झाली आणि मग सैल झाली. कितीतरी वेळ ती नुसती मान हलवत राहिली. मला तिचा इतका कळवळा आला आणि स्वतःचा, दादाचा, त्या भल्या इलेक्ट्रिशियनचा इतका राग आला की, मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगीच भांडी वाजवत चहा केला.

दादाला लगेच फोन लावला. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी हळूच म्हणाला, “तुला दिसलं म्हणतेस, पण तू आईची लाडकी. बटन बदलू आपण. त्यानंतरही तिला भिंत हलताना दिसली तर मात्र डॉक्टर आणि सिकंदराबाद, दोन्ही. कबूल?” मी कबूल म्हटलं. चिडून म्हटलं, पण म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोटीला ट्रूप बाजारात गेले. तिथे दिव्यांची दुकानं अशी ओळीनं आहेत की, भर दुपारीही रात्रीच्या लग्नातून चालल्यासारखं वाटतं. दुकानदाराला मी दिवा श्वास घेतो म्हटलं. तो अजिबात हसला नाही. जुनं डिमर पिवळ्या बल्बासाठी असतं, म्हणाला, त्याला भरपूर वीज खाणारा बल्ब लागतो. एलईडी चिमणीएवढं खातो, मग तळाला नेलं की डिमरला कळत नाही कुणी जेवतंय की नाही, ते देतं आणि थांबतं, देतं आणि थांबतं. त्यानं एलईडीला चालणारं नवं डिमर काढून दिलं आणि सोबत एक बल्बही पुढे केला. साधा एलईडी मंद होण्यासाठी केलेलाच नसतो, खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलं असेल तोच घ्यायचा, म्हणाला. मी दोन्ही घेतली.

घरी आले तर आईनं आधी देवघरात तेलाचं निरांजन लावलं. मी मीटरजवळचा मेन खटका, एमसीबी, खाली पाडणार होते, त्याबरोबर देवापुढचा लहान दिवाही गेला असता, आणि देवाला अंधारात ठेवायचं नव्हतं. मग ती पलंगावर पाय घेऊन बसली. मी एमसीबी पाडली, बोर्डाची प्लेट उघडली, टेस्टर लावून वायरीत वीज नाही याची खात्री केली आणि मोबाइलवर जोडणीचा फोटो काढून ठेवला. जुनं डिमर बाहेर ओढलं. पाठीमागे ते तापून तांबूस झालं होतं आणि त्याला करपलेल्या दुधासारखा वास येत होता. इतकी वर्षं घरातला तह सांभाळून बिचारं थकलं होतं. दोनच वायरी होत्या, एकीतून वीज येणारी आणि एकीतून दिव्याकडे जाणारी. त्या नव्याला तशाच जोडल्या, स्क्रू आवळले, प्लेट बसवली.

मग मी बल्ब बदलायला खुर्ची ओढली तर आई म्हणाली, “तो राहू दे. लेकानं आणलेला हाय.”

मलाही पटलं. नवाकोरा बल्ब, कशाला काढा? काटकसर आणि पुत्रप्रेम यांची युती झाली की विज्ञानाच्या बाई हरतात. मी एमसीबी वर केली, पडदे ओढून खोली अंधारी केली, बटन तळाला नेलं आणि आईशेजारी बसले.

दिवा स्थिर होता. भिंत जागच्या जागी होती. मला हायसं वाटलं. मी आईकडे पाहिलं. ती भिंतीकडे डोळे बारीक करून बघत होती.

“काय झालं?” मी विचारलं.

मग अगदी हळू, गुन्हा कबूल करावा तशी म्हणाली, “अजून हाय गं. थोडं. धाप नाही, पण थरथर हाय.”

मला काहीच दिसत नव्हतं. मी भिंतीकडे, छताकडे, आईच्या साडीच्या काठाकडे बघत राहिले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दिवा ठाम होता. दादाचा आवाज कानात आला, त्यानंतरही तिला दिसली तर. त्या अंधाऱ्या दुपारी पलंगावर बसून मी मनात आईला जवळजवळ निरोप दिला. आपण कबूल केलंय. आता फोन करायचा आणि खरं सांगायचं. की खोटं सांगायचं? खोटं सांगितलं तर ती इथे एकटी, त्या थरथरीबरोबर. किती वेळ मी तशीच बसले, झोपेत असल्यासारखी, काय करावं हे कळेना म्हणून काहीच न करता.

मग शाळेतल्या बाई जाग्या झाल्या. आपल्याला दिसत नाही म्हणजे नाही, हे कधी शिकवलं होतं मी? मी मोबाइल काढला, कॅमेरा उघडला आणि दिव्याकडे धरला. पडद्यावर काळे पट्टे वरून खाली सरकत होते, एकामागून एक. दिवा थरथरत होता. माझ्या डोळ्यांना कळत नव्हतं इतकंच. मी मोबाइल आईच्या हातात दिला.

“हेच,” ती म्हणाली. “हेच म्हणत होते मी.”

मी खुर्चीवर चढले आणि लेकानं आणलेला बल्ब काढला. ट्रूप बाजारातला लावला. बटन पुन्हा तळाला नेलं. नव्या डिमरला कडेला एक बारीक स्क्रू होता, उजेड कमीत कमी किती हवा ते ठरवणारा. तोही पेचकसानं थोडा फिरवला. कॅमेऱ्यातले पट्टे विरत विरत जवळजवळ नाहीसे झाले. आई मोबाइलकडे बघतच नव्हती, ती भिंतीकडे बघत होती. बाहेर पेरूवाला ओरडत गेला. ती तशीच बघत राहिली आणि तिचे खांदे खाली आले.

“आता झोपला बघ,” ती म्हणाली.

नंतर चहा पिताना तिनं मला ताकीद दिली, बल्बाचं दादाला सांगायचं नाही. त्यानं हौसेनं आणला होता, त्याला उगीच लागेल. मी म्हटलं, त्यानं तुला मेंदूच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं, ते तुला नाही का लागलं? ती म्हणाली, ते वेगळं. आईच्या शास्त्रात असल्या ‘ते वेगळं’ला उत्तर नसतं, तेव्हा मी कपबशा उचलून धुवायला गेले.

शनिवारी दादा आला, मुद्दाम दिवेलागणीला. मी आधीच येऊन बसले होते. आईनं बटनाकडे हात नेला तेव्हा मी तिला नको म्हटलं, आणि दादा तसाच मंद उजेडात खुर्चीवर बसला. अजान झाली, संपली. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. दादा आईच्या चेहऱ्याकडे बघत होता, आई भिंतीकडे.

“भिंत कशी आहे, आई?” त्यानं विचारलं.

“भिंतीसारखी.”

“आणि दिवा?”

“दिव्यासारखा.” ती जरा थांबली. “बटन खराब होतं, लेकरा. बटनच होतं.”

दादानं चष्मा काढून पुसला. त्याचे डोळे भरले होते. तो काहीतरी पुटपुटला, मला वाटतं माफी मागत होता, पण आम्हा लोकांत आईची माफी मागायची पद्धत नाही, त्यामुळे त्याला शब्द सापडेना. डॉक्टरची वेळ आपण उद्याच रद्द करतो, एवढं तो म्हणाला. मी जिंकले होते. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. ही खोली, हा पलंग, ह्या दुपारी, सगळं वाचलं होतं, आणि मी माझ्या हातानं वाचवलं होतं.

“रद्द कर,” आई म्हणाली. “आणि मला कधी न्यायला येतोस ते सांग.”

आम्हा दोघांनाही कळेना. दादा म्हणाला, आता कशाला, आई? तू इथे बरी आहेस, तुला काही झालेलं नाही.

“काही झालेलं नाही म्हणूनच येते की. मला जिना चढवत नाही. सांजच्याला एकटीला करमत नाही, कधीपासून करमत नाही. पण तू मला वेडी म्हणून न्यायला निघालतास. तशी आले असते तर तुझ्या घरात मी मीठ कमी हाय म्हटलं असतं तरी तू आधी माझ्या तोंडाकडं बघितलं असतंस. आता नाही बघायचास. आता आई म्हणून चल म्हण. येते.”

दादा उठला आणि खाली तिच्या पायाशी बसला, पांढऱ्या केसांचा, पोट सुटलेला, आमचा काळजीखोर दादा. “चल, आई,” तो म्हणाला.

कधीपासून करमत नव्हतं. मी दर दुपारी तिच्या शेजारी पडून झोपून जात होते आणि संध्याकाळ व्हायच्या आत घरी निघत होते. तिनं मला ते कधी सांगितलं नाही, कारण मला त्या दुपारी हव्या होत्या हे तिला माहीत होतं. ती माझ्याकरता तिथे राहिली होती. मी ते घर तिच्यासाठी वाचवत होते असं मला वाटत होतं.

मला रडू आलं. आवरेना. दादानं वर बघितलं, त्याचेही डोळे ओलेच होते. त्याला वाटलं, मी आनंदानं रडतेय. आई मात्र माझ्याकडे बघत होती, आणि तिला बरोबर कळलं होतं.